बटाट्यांचं मशीन आणि आईची झोप

“मॅडम, पाळी सुरू होताना शरीर एवढा गाजावाजा करतं, मग बंद होताना ती काय पाय न वाजवता निघून जाते का?”

शाळेच्या हॉलमध्ये हा प्रश्न ठिणगीच्या तोंडून बाहेर पडला आणि पंखे सोडून सगळं थांबलं. खरं सांगायचं तर तोंड तेवढं ठिणगीचं होतं. प्रश्न तिच्या मैत्रिणीचा, भोपूचा होता आणि पैज दुसरीची, चिमटीची. आरोग्यावर बोलायला आलेल्या डॉक्टर मॅडमनी लाजाळू मुलींसाठी एक खोका फिरवला होता, की नाव न घालता चिठ्ठ्या टाका. “चिठ्ठीत काय, कुणीही विचारेल,” चिमटी कुजबुजली होती. “उभी राहून विचारलंस, तर तुला मानलं.” आता ठिणगीला एवढं पुरेसं होतं. नुकताच वक्तृत्व स्पर्धेत तिला स्वतःच्या आवाजाचा शोध लागला होता. नवी सायकल मिळालेलं माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही सायकलवरूनच जातं, तशी ती हल्ली जेवताना मीठसुद्धा व्यासपीठावरून मागितल्यासारखं मागायची.

मागच्या रांगेतून खिखी सुरू झाली. वर्गशिक्षिकांचा चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांनी तो तिथेच राहू दिला. डॉक्टर मॅडमनी मात्र हातातला खडू खाली ठेवला.

“अगं बाळा,” त्या म्हणाल्या, “या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघतेय! सुरू कशी होते ते सगळ्या विचारतात. बंद होताना काय होतं, ते कुणी विचारतच नाही.”

त्यांनी फळ्यावर एक डोकं काढलं आणि डोक्यात तळाशी एक टिंब. हा म्हणे शरीराचा पहारेकरी. हायपोथॅलॅमस. आकार फार तर बदामाएवढा, पण अंगातली उष्णता किती असावी हे तो ठरवतो. थोडं इकडेतिकडे झालं तरी एरवी तो काणाडोळा करतो. पण पाळी बंद व्हायच्या आधी काही वर्षं हार्मोन्स झोपाळ्यासारखे वरखाली व्हायला लागतात, आणि हा पहारेकरी एकदम घाबरट होतो. पांघरुणाची जराशी ऊब लागली, की त्याला वाटतं घराला आग लागली. मग काय! कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघड, छाती धडधडव, घामाचे बंब सोड. आग नसतेच. पण बंब आलेले असतात. बाई भिजून जागी होते, पाच मिनिटांत अंग गार पडतं, कुडकुडायला लागते, आणि तोवर झोप उडालेली असते.

“आणि मग ती बिचारी अंथरुणात बसून विचार करते,” मॅडम म्हणाल्या, “की मला झालंय तरी काय?”

टाळ्या झाल्या. भोपूनं ठिणगीचा स्कर्ट ओढला. “बस की गं. जिंकलीस. संपलं.”

पण ठिणगी बसेना. तिच्या अंगावर काटा आला होता. एवढंसं टिंब! आणि तिच्या डोळ्यांसमोर होती घरची झोपायची खोली, तिच्या चार कोपऱ्यांत टांगलेले चार थर्मामीटर, भिंतीला पडलेलं भोक, आणि या घडीला टेम्पोत बसून त्या खोलीकडे निघालेलं बटाट्यांचं मशीन.

आता हे मशीन काय भानगड होती, ते सांगायला हवं.

ठिणगीचे बाबा एका शीतगृहात देखभालीचे मुख्य. बटाटे, गाजरं, लोणी, सगळं त्यांच्या जिवावर वर्षभर ताजंतवानं राहायचं. उष्णता म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. अशा माणसाची बायको त्याच्याच घरात, त्याच्याच शेजारी, रात्री उठून “किती उकडतंय हो” म्हणते आणि गाऊन बदलते! एकदा झालं, दोनदा झालं. पुढे रोजच व्हायला लागलं, तेव्हा बाबांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. “बटाट्यांनी कधी तक्रार केली नाही,” ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. आई म्हणाली, “मग बटाट्यांशीच लग्न करायचं होतंत.” पण हे ती भांडणाच्या सुरात बोलली नाही. थकून बोलली, आणि त्यामुळे ते बाबांना जास्तच लागलं.

त्यांनी सरळ ठरवून टाकलं, की खोलीत कुठून तरी उष्णता शिरतेय आणि ती शोधून काढायची. थर्मामीटर आले. खालच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर सल्ला द्यायला आले. मास्तर सल्ला देताना हवेत आकृती काढतात. त्यांनी हवेत आयत काढला, कर्ण काढला आणि पलंग फिरवायला सांगितला. पलंग फिरवला. तेव्हापासून खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं. आई आणि ठिणगी तिरक्या होऊन आत जायच्या. बाबांना पोट आत घेऊन, श्वास धरून, मनाची तयारी करून जावं लागायचं.

मग बाबांचा संशय छतावर गेला. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. बाबा थर्मामीटर घेऊन थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि फरशीला लावून बसले. मावशी म्हणाल्या, “का हो, माझ्या फरशीला ताप आलाय का?” त्या दिवसापासून मावशींनी बाबांशी बोलणं सोडलं. त्यातून त्यांचं शिलाईमशीन रात्री-अपरात्री घरघरायचं, त्यामुळे बाबांनीही त्यांच्याशी बोलणं सोडलं. एकाच वेळी दोघांनी अबोला धरल्यामुळे कुणाचा मान मोठा ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यानंतर एक्झॉस्ट पंख्यासाठी भिंतीला भोक. गवंडी म्हणाला, ही बाहेरची भिंत. बाबा म्हणाले, अर्थात बाहेरची. भिंत शेजारच्या चेअरमनसाहेबांच्या न्हाणीघराची निघाली. साहेब तोंडाला फेस लावून दाढीला उभे होते. आरशाच्या बाजूनं आधी थोडी माती पडली, मग ड्रिलचं टोक आलं आणि फिरत फिरत थांबलं. साहेब इमारतीचे चेअरमन आहेत, हे त्या टोकाला माहीत असणं शक्य नव्हतं. पण साहेबांनी ते त्याला ठणकावून सांगितलं.

पुढचं कुठलंही काम लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, असा हुकूम निघाला. अर्ज द्यायचा कमिटीकडे. कमिटीची बैठक बोलवायची खजिनदारानं. खजिनदार आणि चेअरमन यांचं पार्किंगवरून फाटल्यापासून कमिटी बसलेलीच नव्हती. म्हणजे अर्ज द्यायला पूर्ण मुभा होती, पण तो घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी बाबांनी वाट काढली. भिंतीला हात लावला तर परवानगी लागते ना? मग भिंतीला हातच लावायचा नाही. शीतगृहातून मोडीत निघालेलं एक जुनं थंड करायचं मशीन, चाकांवर चढवून, थेट खोलीतच आणायचं.

हे सगळं चालू असताना आईचं काय चाललं होतं, ते कुणी फारसं बघत नव्हतं. आई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. अख्ख्या शहराच्या नळाला येणारं पाणी आधी तिच्या काचेच्या नळ्यांतून जातं. ती हो म्हणाली की शहर पाणी पितं. तिथल्या मुख्य बाई निवृत्त होत होत्या आणि त्यांच्या खुर्चीसाठी सगळ्यांनी आईचंच नाव घेतलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि व्याख्यानाच्या दिवशी सकाळी, डबा भरता भरता, पाठमोऱ्या आईनं सांगून टाकलं होतं, “मी नाही म्हणणार आहे.”

“का?” ठिणगी किंचाळलीच.

“झेपणार नाही.”

एवढंच. जी आई प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल तिरकं लागलं तर ते सोडवून पुन्हा लावते, तिला झेपणार नाही? ठिणगीला ते शाळेत पोचेपर्यंत टोचत राहिलं होतं.

म्हणून व्याख्यान संपल्यावर ती जी सुटली ती थेट घरी. दप्तर पाठीवर आपटतंय, एक वेणी सुटलीय, आणि डोक्यात ते बदामाएवढं टिंब. लिफ्टमध्ये न मावलेलं मशीन जिन्यात अडकलं होतं. वरून दोन हमाल, खालून बाबा, आणि मध्ये हवेत वर्तुळं काढणारे मास्तर.

“बाबा! बाबा, खोली गरम नाहीये!”

“तेच म्हणतोय मी, आता राहणारच नाही. बाजूला हो.”

“तसं नाही, उष्णता आईच्या आत—”

“पाय! पाय सांभाळ मास्तरांचा!”

ती मशीनच्या खालून सरपटत घरात शिरली. आई नुकतीच कामावरून येऊन बसली होती.

“आई, ऐक. आज शाळेत डॉक्टर मॅडम आल्या होत्या. तुला रात्री घाम येतो ना, तो पाळी—”

“अगं हळू!” आईनं दाराकडे बघितलं. “जिन्यात सगळे उभे आहेत.”

“असू देत की.”

“शाळेतलं शाळेत ठेव. तुला कळत नाही त्यातलं.”

तुला कळत नाही! जिनं भर हॉलमध्ये उभं राहून टाळ्या घेतल्या, तिला! ठिणगीचा अभिमान इतका दुखावला, की ती बराच वेळ एक शब्द बोलली नाही. म्हणजे मशीन जिन्यातून येऊन, खोलीचं दार काढून आत जाऊन, दार परत बसेपर्यंत.

दिवेलागणीला मशीन चालू करायचं ठरलं. बाबांनी हौसेनं सगळ्यांना बोलावलं. मास्तर आले. चेअरमनबाई आल्या. साहेब मात्र “मी हरकत नोंदवायला येतोय” असं खालून ओरडून लिफ्टकडे निघाले. वरच्या मावशीही आल्या, अर्थात बाबांशी न बोलता. अर्ध्या उघडणाऱ्या दारातून एकेक जण तिरका होऊन आत शिरला. आईला मानानं पलंगावर मधोमध बसवलं होतं. ती दुकानातल्या नमुन्याच्या गादीसारखी मुकाट बसून होती.

बाबांनी खटका दाबला.

मशीन आधी खोकलं, मग गुरगुरलं, मग त्यानं असा काही गारठा सोडला की मास्तरांची आकृती हवेत अर्धीच राहिली. हे मशीन कधीकाळी बटाट्यांनी भरलेलं अख्खं दालन सांभाळत होतं. एका खोलीला ते कमी कशाला पडेल? थर्मामीटरमधला पारा विहिरीत बादली सोडावी तसा खाली गेला. चेअरमनबाईंनी पदर कानांवरून घेतला. मावशींनी पलंगावरची चादर ओढून अंगाभोवती गुंडाळली. बाबा दात वाजवत, पण चेहऱ्यावर विजय घेऊन म्हणाले, “आता बो-बोला!” आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

आईचा गळा आधी लाल झाला. मग गाल. ती लाली कुणीतरी आतून दिवा वर करावा तशी कपाळापर्यंत चढली. कपाळावर थेंब फुटले, एकमेकांत मिसळले आणि हनुवटीवरून टपटप मांडीवर पडायला लागले. त्या बर्फाच्या खोलीत, कुडकुडणाऱ्या माणसांच्या मधोमध, आई घामानं निथळत होती, आणि मशीनला गुंडाळून आलेला पुठ्ठा घेऊन स्वतःला वारा घालत होती. तिच्या खांद्यांवरून चक्क वाफ निघत होती.

  ठिणगी तोंड उघडं टाकून बघत होती. फळ्यावरचं टिंब! सगळ्या खोलीला एकीकडे ठेवून, एवढ्या मोठ्या मशीनशी एकटं झुंजत होतं आणि जिंकत होतं. आईच्या आत एवढं काही असतं? आणि आपण तिच्याकडे रोज फक्त डबा मागतो?

“गादी!” बाबा भानावर येत ओरडले. “उष्णता गादीतून येतेय!”

आणि त्याच क्षणी खाट्कन अख्ख्या इमारतीची वीज गेली.

सगळे चाचपडत, एकमेकांच्या पायांवर पाय देत जिन्यात येऊन बसले. बाबा टॉर्च घेऊन खालच्या फ्यूजच्या पेटीत डोकं घालून उभे राहिले. दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टमधून, चेअरमनसाहेबांचा आवाज येत होता. “मी अडकलोय. हे सभासदांनी लक्षात घ्यावं.”

अंधारात ठिणगीच्या शेजारी आई बसली होती. तिचा हात आता गार पडला होता. आणि अचानक, अगदी हळू, आई म्हणाली, “माझं डोकं बिघडत चाललंय गं. परवा मी दोन बाटल्यांवर एकच लेबल लावलं. वेळेत दिसलं म्हणून सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. नसतं दिसलं तर? लोक पाणी पितात ते. कसली खुर्ची नि कसलं काय.”

अच्छा! हे होतं तर.  आणि मग ठिणगीनं तेच केलं जे तिला येत होतं. ती अंधारात उभी राहिली आणि हॉलमधल्याच आवाजात म्हणाली, “आई, तुझं डोकं अजिबात बिघडलेलं नाही. तुझी झोप बिघडलीय! पाळी बंद व्हायच्या आधी हार्मोन्स वरखाली होतात, म्हणून मेंदूतला उष्णतेचा पहारेकरी घाबरट होतो. तो तुला रात्री चारचारदा उठवतो. एवढं उठवलं तर कुणीही चुकीचं लेबल लावेल. मी तर स्वतःलाच लावेन!”

 आईनं कपाळाला हात लावला असणार; अंधारात दिसलं नाही, पण बांगड्या वाजल्या.

मग वरच्या पायरीवरून मावशींचा आवाज आला. “मला वाटायचं मला एकटीलाच होतं. झोप येत नाही म्हणून तर शिवत बसते मी रात्री.”

“मी बाल्कनीत जाऊन उभी राहते,” चेअरमनबाई म्हणाल्या. “आत गुदमरतं नुसतं.”

“काय?” लिफ्टमधून आवाज आला. “मी समजत होतो तू माझ्यावर रागावून जातेस!”

“तेही असतंच,” बाई म्हणाल्या.

जिन्यात जे हसू फुटलं, त्यात आईचंही होतं. आधी हसू, मग नाक ओढल्याचा आवाज, मग परत हसू. “म्हणजे मला वेड लागत नाहीये?” ती विचारत होती आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ठिणगीला वाटलं, केवढी ही इमारत! रात्री वरच्या मजल्यावर एक बाई शिवतेय, शेजारी एक बाल्कनीत उभी आहे, आपल्या घरात एक गाऊन बदलतेय. सगळ्या जाग्या, आणि मध्ये फक्त एकेक भिंत. त्या भिंतीला भोक पाडूनही कुणाला काही कळलं नव्हतं.

तेवढ्यात खालून टॉर्च हलला. बाबा.

“ठिणगे, तो पहारेकरी म्हणजे थर्मोस्टॅट ना गं?”

“हो, बाबा.”

“आणि थोड्याशा फरकानं चालू होतो, थोड्याशा फरकानं बंद?”

“हो!”

“अरे देवा!” बाबा मटकन पायरीवर बसले. “थर्मोस्टॅटचा चालू-बंदमधला फरक फार कमी झाला, की मशीन सारखं सुरू होतं, सारखं थांबतं. आपणच दमून जातं. माल चांगला असतो, मशीन चांगलं असतं, फक्त तो फरक...” त्यांनी टॉर्च आईकडे वळवला, तिचे डोळे दिपलेले बघून घाईनं खाली घेतला. “आणि मी इतके दिवस दालनाला शिव्या देत बसलो. अगं, सांगायचंस की.”

“मलाच कुठे माहीत होतं,” आई म्हणाली.

“मी अजून अडकलेलो आहे,” लिफ्ट म्हणाली.

शनिवारी आई-बाबा-ठिणगी अशी वरात डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात गेली. काउंटरवरची ताई म्हणाली, मुलांनी बाहेर बसायचं. ठिणगी म्हणाली, “निदान मीच केलंय.” ताई गोंधळली आणि तेवढ्यात तिघंही आत. मॅडमनी आईला बराच वेळ नीट प्रश्न विचारले. इतका वेळ आईचं कुणी ऐकून घेतलंय, हे ठिणगीनं पहिल्यांदाच पाहिलं. थायरॉइड बिघडलं तरी असंच होतं, म्हणून आधी रक्त तपासायचं. यावर औषधं आहेत, हार्मोन्सचीही आहेत, पण कुणाला कोणती चालतील ते तपासून ठरवायचं. तोवर सुती पातळ कपडे, जाड पांघरुणाऐवजी दोन हलकी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही, आणि खोली थोडी थंड.

“थोडी,” मॅडम बाबांकडे बघत म्हणाल्या. मशीनची हकिगत आईनं आधीच सांगून टाकली होती.

बाबांनी घसा साफ केला. “मॅडम, तो चालू-बंदमधला फरक पुन्हा वाढवता येतो का?”

 “बऱ्याच जणींचा वाढवता येतो,” मॅडम म्हणाल्या. “आणि इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही नवऱ्यानं विचारलेला नाही.” बाबा परत येताना रस्ताभर छाती काढून चालले.

 पण रात्री जेवताना आईनं ताट पुढे सरकवलं. “कारण कळलं, बरं वाटलं. पण घाम काय सोमवारपर्यंत थांबणार नाही. नाहीच म्हणते मी.”

बाबांनी ठिणगीकडे पाहिलं. ठिणगी खुर्ची मागे सारून उभी राहिली. घरात तिघंच होते, तरी ती उभी राहिली.

“मी एक ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून सकाळचं स्वयंपाकघर माझं. डबे मी करणार, दूध मी तापवणार, गजर माझ्या उशाला. बाबा मला मदतीला. आई, तू रात्री कितीही वेळा उठलीस तरी सकाळी हवं तितकं झोपायचं. आणि सोमवारी तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. पण ते झोप झालेल्या आईनं ठरवायचं. घामानं नाही.”